नेहाचा कॉम्प्युटर

मोशी,
मार्गशीर्षातला गुरुवार

प्रिय वर्षाली,

नेहाचा कॉम्प्युटर तयार झाला. ही बातमी फोनवर सांगता आली असती, पण तुझा फोन हल्ली नेहमी स्पीकरवर असतो. मी "बरी आहेस ना?" विचारलं की तुझ्याआधी सासूबाईच "बरी हाय की, तिला काय झालंय" म्हणतात, आणि मग आपण दोघं थंडीबद्दल बोलतो. म्हणून हे पत्र. नेहाच्या मामांकडे तुमच्या बार्शीतच लग्न आहे, तीच हे घेऊन येतेय. "काका, माझ्या मैत्रिणीच्याच हातात देईन," म्हणालीय.

दिवाळीनंतर तू म्हणालीस, "अण्णा, नेहाला एडिटिंगसाठी आणि गेमसाठी कॉम्प्युटर घरीच जोडून हवाय. तिला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही सुटे भाग बघाल का?" मला तरी कुठं कळत होतं? आमच्या गावच्या शाळेत फळा होता, तोही पावसाळ्यात फुगायचा. चाकणच्या कंपनीत मी गाड्यांचे दरवाजे बसवतो. दरवाजा नीट बसला की 'धप्प' असा भरीव आवाज येतो, तेवढी माझी विद्या. पण त्या दिवशी किती महिन्यांनी तुझ्या आवाजात धग होती. काळेवाडीच्या स्टुडिओत लग्नाच्या फिल्मा जोडून तू घरी यायचीस आणि जेवताना सांगत बसायचीस, अमकीच्या पाठवणीला कुठं कापलं, कुठं थांबले, तसा आवाज. मी हो म्हणून टाकलं.

मग काही आठवडे मी स्वप्नात असल्यासारखाच होतो बघ. पहाटेच्या शिफ्टला बस धुक्यातून निघायची, इंद्रायणीच्या पुलावर काचेबाहेर नुसतं पांढरं, आणि माझ्या डोक्यात प्रोसेसर, रॅम, एसएमपीएस असली नावं फिरत असायची. संध्याकाळी हरिपाठाला बसलो की ती नावंही मागच्या ओळीत येऊन बसायची. मी त्यांना उठवलं नाही. बसू देत म्हटलं.

पिंपरी कॅम्पात कुलदीप नावाच्या पोराचं दुकान सापडलं. मला बघून म्हणाला, "काका, गेम तुम्ही खेळणार का काकू?" मी म्हटलं, काकू माझ्याशी खेळते तेवढं पुरे आहे. तो हसला आणि स्टूल पुढं सरकवलं. म्हणाला, "आधी ठरवा. एडिटिंग जास्त असेल तर रॅम वाढवू, प्रोसेसर तगडा घेऊ. गेम जास्त असेल तर ग्राफिक्स कार्ड. दोन्ही हातांत लाडू नाही मिळत राव." मी तुला फोन केला. तुझ्याकडे कुकरची शिट्टी झाली, मग तू हळूच म्हणालीस, "कामाला एडिटिंगच, अण्णा. पण कधीतरी खेळावंसंही वाटेल ना तिला."

ते वाक्य घेऊन मी घरापर्यंत चालत आलो, बसमध्ये चढायचं भानच राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी कुलदीपला सांगितलं, दोन्ही लाडू दे, बाहेरचं खोकं, ते कॅबिनेट, साधं चालेल. तुझी आई म्हणालीच, "लोकाच्या पोरीसाठी एवढा जीव टाकताय, माझा मिक्सर आषाढापासून बंद आहे."

आणि मग कॅबिनेटपाशीच तू चुकलीस. म्हणालीस, "अरुंद बघा हं अण्णा, खिडकी आणि कपाटाच्या मधे बसलं पाहिजे." नेहाच्या खोलीत मी गेलोय, वर्षाली. तिच्या खिडकीशी कपाट नाही, पलंग आहे. खिडकीशेजारी कपाट आपल्या घरात आहे, तुझ्या खोलीत. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. पुढच्या रविवारी नेहा भेटली. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून घरी चालली होती. सहज विषय काढला तर ती म्हणाली, "मला कशाला कॉम्प्युटर, काका? मला तर रिपोर्ट टाइप करायचा कंटाळा." मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि जीभ चावली.

घरी येऊन तुझ्या आईला सगळं सांगितलं. ती निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाली, "पहिलं वर्ष सगळ्यांनाच जड जातं. निभावून न्यावं लागतं पोरीला. शेजारपाजारचे काय म्हणतील?" मी वाद घातला नाही. मी भाग जोडायला बसलो.

आळंदीला जाऊन माऊलींच्या पाया पडून आलो आणि तुझ्याच टेबलावर सुरुवात केली. प्रोसेसरवर एक राखाडी मलम लावतात. कुलदीप म्हणाला होता, तांदळाच्या दाण्याएवढंच. माझ्या हातून ते देवाला गंध लावावं तसंच लागलं. वर त्याला गार ठेवणारा पंखा, म्हणजे कूलर, बसवला, वायरी जोडल्या, कॅबिनेटला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. बटण दाबलं, पंखे फिरले, आत निळा उजेड पडला, कार्तिकात नदीत सोडलेल्या दिव्यांसारखा. आणि थोड्या वेळात सगळं आपोआप बंद. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. मला वाटलं, देवाच्या मनात नाही.

कुलदीपला फोन केला. त्यानं एकच विचारलं, "काका, कूलरखालचं प्लास्टिक काढलंत ना?" मी म्हटलं, नव्या वस्तूचं प्लास्टिक कोण काढतं? तो इतका हसला की त्याच्या दुकानातलं गिऱ्हाईकही हसताना ऐकू आलं. पण तूच सांग, आपल्या घरात काढतं का कोणी? टीव्हीचा रिमोट अजून पिशवीत आहे. तुझ्या स्कूटीच्या सीटवरचं तर उन्हानं फाटलं तेव्हाच गेलं. कुलदीपनं मग नीट सांगितलं, "खाली चिप तापतेय, वर पंखा जीव तोडून फिरतोय, पण मधल्या प्लास्टिकमुळं ताप वर पोचतच नाही. शेवटी बिचारं बंद पडतं."

फोन ठेवला आणि आपलं बोलणं आठवलं. "बरी आहेस ना?" सासूबाईंपाठोपाठ तुझंही "बरी आहे, अण्णा." दर रविवारी आपण हेच बोलतो.

मी कूलर काढला. खाली खरंच पातळ, पारदर्शक कागद होता, असून नसल्यासारखा. तो सोलला, पुसून घेतलं, पुन्हा गंध लावलं. आता पंखा पिंपळाच्या पानांसारखा बारीक सळसळतो आणि मशीन दुपारपासून चालू आहे.

बाळा, मी तुला काही विचारणार नाही. तिथं काय होतं, कोण काय बोलतं, ते सांगावंसं वाटलं तर सांग. फोनवर म्हणता आलं नाही म्हणून लिहितो. नेहाचा कॉम्प्युटर खिडकी आणि कपाटाच्या मधे बरोबर बसला आहे. तुला न्यायला यायचं असेल तर रविवारी फोनवर एवढंच म्हण, "अण्णा, नेहाला आवडला." मी त्याच दिवशी निघेन. आईची काळजी करू नकोस. टेबलासाठी मी नवी खुर्ची आणली होती, प्लास्टिकसकट ठेवली होती. आज पूजा आटोपून तुझी आई सुरी घेऊन खोलीत गेली आणि सगळं प्लास्टिक कापून काढलं. मी बघत राहिलो तर मलाच म्हणाली, "बघता काय? पोरीला तासन्‌तास बसायचंय, उकडेल तिला."

तुझाच,
अण्णा