टोपलीची नवी जागा

वेबुल, उत्तर अँब्रिम
१६ ऑगस्ट १९९६

प्रिय लेमाया ताई,

तुला आणि टॉमसन दाजींना नमस्कार. सांतोला तुम्ही सगळे बरे असाल. आम्हीही ठीक आहोत. या वर्षी डोंगराने राख फार टाकली. टाकीचं पाणी आंबट झालं, म्हणून झऱ्यावरून आणतो. कोनफळं मात्र चांगली निघाली.

बाबा दोन तारखेला, शुक्रवारी सकाळी गेले. रेडिओवर निरोप दिला होता. तुझ्या कानावर पडला की नाही, कळलं नाही.

पुरायला गाव आलं. चौघांनी खड्डा खणला, घाईने. बाकीचे दूर उभे राहिले. पास्टरांनी प्रार्थना लहानच केली. बुंगरो काकांनी चटई घातली आणि हात समुद्रात धुऊन आले. मला रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो आणि नेहमीप्रमाणे इंजेक्शनं दिली.

शेवटच्या वर्षांबद्दल तू कधी विचारलं नाहीस, तरी लिहितो. ज्यांच्या वाटेतून मोठी माणसं बाजूला होत, ते बाबा चर्चमागचं गवत उपटायचे. पास्टरांनी ते काम दिलं होतं. मुलं त्यांच्या अंगावरून पळत जायची. एकदा एकीने विचारलं, "आजोबा, तुम्ही खरंच कुत्रा व्हायचात?" ते म्हणाले, "व्हायचो. पण दात दुखायचे."

तापाने कोणी दगावलं की ते मला म्हणायचे, "गोळ्या तुमच्या, आणि नाव माझं."

चेटकाची टोपली जाळल्यावर त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्यांच्यासमोर कोणी जेवत नसे. उष्टं त्यांच्या हाती लागलं तर आपला जीव त्यांच्या हाती गेला, ही भीती टोपलीबरोबर जळाली नाही. आम्हीही वेगळं नव्हतो. मेरिअम त्यांचं ताट त्यांच्या झोपडीत पाठवायची आणि आम्ही आमच्या घरात जेवायचो. जेवण झालं की मी सालं, काटे, पोराने टाकलेला घाससुद्धा गोळा करून समुद्रात टाकत असे. वाट त्यांच्या दारावरूनच जाते. अकरा वर्षं ते दारात बसून मला जाताना बघत होते.

जुलैच्या शेवटी ते उठेनासे झाले. मी लापलाप नेला होता, किसलेल्या कोनफळाचा, पानात भाजलेला. दोन घास खाऊन त्यांनी उरलेला पानासकट माझ्या हातात दिला. म्हणाले, "घे. माझं उष्टं आहे. ठेवायचं तर ठेव, टाकायचं तर टाक." असं कोणी कोणाला देत नाही, तुला माहीत आहे. मला काय करावं सुचेना. मी ते खाल्लं.

ते बघत राहिले. मग म्हणाले, "टोपली तूच दाखवलीस."

मी रिकामं पान दुमडू लागलो.

"टॉमसनला जुनी जागा माहीत होती, वडाच्या मुळातली. नवी जागा फक्त तुला माहीत होती. तूच उचलून नेली होतीस."

ताई, हे खरं आहे. अकरा वर्षांपूर्वी मुखियाचा नातू दगावला त्या दिवशी माणसं कोयते घेऊन आली होती. टोपली मिळाली तर म्हाताऱ्याला जिवंत सोडू, असं पास्टरांनी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. मी पास्टरांना एकट्याला गाठून जागा सांगितली. बाबांना वाचवायला सांगितली, असं मी स्वतःला सांगत आलो. पण कोयते येण्याच्या आठवडाभर आधी बाबांनी टोपली माझ्या खांद्यावर दिली होती आणि यापुढे ही तुझी, असं म्हटलं होतं. मला ती नको होती. त्यांना तसं म्हणायची माझी छाती नव्हती.

त्या पोराला बाबांनी मारलं का, मला माहीत नाही. त्याला मलेरिया होता, एवढं माहीत आहे.

पास्टरांनी माझं नाव घेतलं नाही. गावाने दाजींचं घेतलं, कारण ते बाहेरच्या गावचे. काकांनी तुमच्या दारात बंदीचं नामेलेचं पान बांधलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. तू माझ्याकडे बघितलंस. मी झोपडीत गेलो.

मी बाबांना विचारलं, माहीत होतं तर बोलला का नाहीत? लेमायाला का जाऊ दिलंत? ते म्हणाले, "तुला घालवलं असतं तर मला कोण वाढणार होतं? ती मुलगी. ती तशीही जाणारच होती." थोड्या वेळाने म्हणाले, "तिला सांग." तिसऱ्या दिवशी ते गेले.

दहाव्या दिवसाच्या जेवणाला नाकामालात, गावच्या बैठकीच्या घरात, सगळे पुरुष कावा प्यायला बसले होते. मी उभा राहून सांगितलं. तुला आधी लिहिलं असतं आणि तू जाऊ दे म्हणाली असतीस, तर मी ते जाऊ दिलं असतं. मी स्वतःला ओळखतो. काकांनी हातातली करवंटी खाली ठेवली. मग म्हणाले, "अकरा वर्षं माझ्या बाजूला बसून पीत होतास." आणि उठून गेले. परवा त्यांनी तुमच्या दारातलं पान काढलं. वाळून काडी झालं होतं.

शंभरावा दिवस दहा नोव्हेंबरला येतो. त्या दिवशी सगळ्यांसमोर दाजींना भरपाई म्हणून सुळेवाला डुक्कर आणि दहा चटया द्यायच्या, असं ठरलं आहे. डुक्कर माझा आहे. ते घ्यायला दाजींनी यावं, आणि तू यावंस. नाही आलात तर डुक्कर बांधलेलाच राहील, दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. तुमच्या घराचं छप्पर गेलं आहे. भिंती आहेत. मी पानं विणायला घेतली आहेत, ती तुमच्या येण्यावर अवलंबून नाहीत.

उद्या खोबऱ्याची बोट आहे, तिच्यावर हे पत्र देतो.

खाली तुझा भाऊ असं लिहिणार होतो. ते आता तू ठरव.

सायलस