उकळलेला जबडा

सोमवार, ४ तारीख

पोहोचले एकदाची. बसमधून उतरले तर तुझी पोरगी फाटकावर चढून उड्या मारत होती. खालचा पुढचा दात हलतोय, तो आधी दाखवला, मग माझी पिशवी धरली. दवाखान्यात पडल्या पडल्या वाचायला रोजचं लिहून ठेव म्हणालीस, म्हणून ही वही. चौथीत शाळा सुटलेल्या बाईकडून वही भरून घेणारी तू पहिलीच. चुका काढायच्या नाहीत. डॉक्टरनं पोट घेऊन पडून राहा म्हटलंय, तर पडून राहायचं आणि नुसतं वाचायचं.

घर बरं आहे, उजेड भरपूर. जावईबापू दोन महिने बोटीवर, म्हणजे घरात आम्ही तिघी: मी, सहा वर्षांची तुझी पोरगी आणि तुझी सासू. विहीणबाईंनी चहा दिला, साखरेचे दाणे जणू चिमट्यानं टाकलेले. म्हणाल्या, या वयात गोड कमीच बरं. त्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आहेत, एवढी आठवण मी करून दिली.

बुधवार, ६

आज विहीणबाईंचा उद्योग पाहिला. तू सांगितलं होतंस, पण पाहणं वेगळं. माणसं मोठा मासा धरतात, खातात, आणि आठवण म्हणून त्याचा जबडा भिंतीला लावतात. तो साफ करून द्यायचं काम यांचं. हौसेला मोल नाही. मागच्या खोलीत भिंतभर जबडे, सगळे आ वासलेले. जणू कीर्तनाला बसलेत आणि एकालाही कळत नाहीये.

काम मात्र नेटकं, ते कबूल. डोक्यातून जबडा सोडवायचा, मांस चमच्यानं खरवडायचं, मग गार पाण्यात आठ-दहा दिवस, पाणी रोज बदलायचं. जखमेवर ओततात ते फेसाचं औषध लावून पांढरा करायचा, सुटा झालेला दात डिंकानं बसवायचा. शेवटी आत काठ्यांचे टेकू लावून सावलीत वाळवायचा, नाहीतर वाळताना आपोआप मिटतो. प्रत्येकाला चिठ्ठी: मासा कुणाचा आणि दात किती. दात येताना मोजतात, जाताना मोजतात. मी म्हटलं, एवढं तर लग्नातली भांडीही कुणी मोजत नाही. विहीणबाई म्हणाल्या, तुमच्याकडे मासा खातात, आमच्याकडे सांभाळतात. तुम्ही पोरीकडे बघा, इथे हात लावू नका.

हात लावू नका! पन्नास वर्षं मासळी कापली या हातांनी.

शनिवार, ९

विहीणबाई सकाळीच डोळे तपासायला गेल्या. पिंपात नवा जबडा होता, चिठ्ठीवर छप्पन्न दात. म्हटलं दाखवूच यांना. दहा दिवसांचं काम अर्ध्या तासात होतं. मोठं पातेलं चढवलं, जबडा आत टाकला, चांगला उकळला. मांस लोण्यासारखं सुटलं. पातेलं मोरीत ओतलं आणि जबडा हातात घेतला, तर निम्म्याहून जास्त खाचा रिकाम्या. उकळीनं दात सुटून पाण्याबरोबर गटारात गेले होते. मोरीच्या जाळीत बोटं घातली. एकही नाही.

मोजले. चोवीस उरलेत. बत्तीस गेले.

विहीणबाई आल्या. मला वाटलं घर डोक्यावर घेतील. त्या खुर्चीवर बसल्या आणि किती गेले एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, ज्यानं सांडले त्यानं भरावे. त्यानं नाही भरले तर हा जबडा घरातल्या सगळ्यात धाकट्या तोंडातून भरून घेतो. मी हसले. माणसाला टाकून बोलायची ही नवीनच तऱ्हा. त्या हसल्या नाहीत.

सोमवार, ११

पोरीचा हलणारा दात पडला. खुशीत होती, मुठीत घेऊन घरभर नाचली. खिडकीत ठेवला आणि जेवायला बसलो. जेवून उठलो तर दात नाही. उंदरानं नेला म्हटलं.

मंगळवार, १२

आणखी दोन पडले. वरचे. हे हलतही नव्हते. पोळीचा तुकडा तोडला आणि पोळीत दातच आले. रक्त नाही. पोरगी जिभेनं रिकामी जागा चाचपत राहिली.

दोन्ही पदरात बांधले. तासाभरानं गाठ सोडली तर पदर रिकामा.

मागच्या खोलीत गेले. विहीणबाई म्हणाल्या, आता तरी मोजा. मोजले. सत्तावीस. तीन दात लहान, दुधाचे, खाचेत असे घट्ट बसलेले की जणू तिथेच उगवले.

मी त्यांना वाटेल ते बोलले. तुम्हीच रात्रंदिवस डिंक घेऊन बसता, तुम्हीच चिकटवलेत, लाज नाही वाटत नातीच्या दाताशी खेळायला. त्यांनी डिंकाची बाटली माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, मग काढून दाखवा. पक्कड लावली. दात हलला नाही. पलीकडच्या खोलीत पोरगी किंचाळली.

बुधवार, १३

पोरीला घेऊन बसमध्ये बसले. तुझ्याकडे आणायची होती. चौथा थांबा गेला आणि तिनं माझ्या हातावर दोन दात थुंकले. माझ्या डोळ्यांदेखत ते तळहातावरून — विरले म्हणू? दव उडतं तसे. पळून काही होत नाही. पुढच्या थांब्याला उतरले, परत आले.

पाच गेले तिचे. जबड्यात एकोणतीस. बाकी सगळे हलताहेत, जीभ लावली तरी. उद्याला तोंड रिकामं होईल. वीसच दुधाचे. दुधाचे संपले की काय घेणार हा?

विचारलं. विहीणबाई म्हणाल्या, हाड. त्याला हाडाशी मतलब.

बुधवार, दुपार

वरवंटा घेतला आणि जबड्यावर घातला. जबड्याला ओरखडा नाही. पोरीच्या हनुवटीवर काळानिळा डाग. पुन्हा नाही घालणार.

विहीणबाईंना म्हटलं, तुमचे दात द्या, तुमचीही नात आहे. त्यांनी कवळी काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, पातेलं मी नव्हतं चढवलं, विहीणबाई. खोटं नाही ते. शहाणपणा माझा, तोंड पोरीचं.

माझ्या तोंडात तीनच होते. पक्कड तिथेच होती.

गुरुवार, १४

माझे तिन्ही घेतले. बत्तीस झाले. मीच जबड्यावर ठेवले, वाट नाही पाहिली. जागा शोधून आपले आपण बसले.

आज पोरीचा एकही नाही पडला. मी दिले तर तिचे थांबतात. एवढं कळलं.

चोवीस हवेत अजून.

दुपारी पुन्हा हलायला लागलेत तिचे. एका वेळच्या जेवणाएवढाच दम आहे त्याला.

शुक्रवार, १५ सकाळ

विहीणबाईंना सांगितलं, पोरीला घेऊन पहिल्या बसनं दवाखान्यात जा, आईजवळ बसवा. इथलं मी बघते. बाईनं पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही. पोरीचे केस विंचरले, डबा भरला. दारात माझ्याकडे वळून म्हणाल्या, दाराला आतून कडी लावा. आणि चहाला माझ्या डब्यातली साखर घ्या, हवी तेवढी.

पोरीला म्हटलं, आजी कामात आहे, ओरडू नकोस, तोंड मिटून ठेव.

कडी लावली.

बोटाला पेरं तीन. अंगठ्याला दोन. एका हाताची चौदा. शाळेत नाही शिकवलं कुणी, मासळी कापताना कळतंच हाड कुठे सुटतं.

आतले टेकू काढले. डावा हात ठेवला.

शुक्रवार

मिटला.

कापड बांधलंय. लिहिते आहे, म्हणजे आहे. चौदा बसले. मोजले दोनदा. शेहेचाळीस.

दहा.

त्याला दम नाही. पुन्हा उघडतोय, मी न उघडता —

करंगळी देते. लिहायला लागत नाही ती. आणि तिच्या शेजारचं बोट.

सहा झाले. बावन्न. अक्षर बिघडलं, चुका काढायच्या नाहीत म्हटलं होतं.

बस पोहोचली असेल. पोरगी तुझ्याजवळ असेल. तिचं तोंड बघ. हलतात का बघ. हलत असतील तर मी अजून —

मधलं दिलं. पेन पहिलं बोट आणि अंगठा, दोघांत धरलंय. पंचावन्न.

एक. एकच राहिला ग.

अंगठ्याचं पेर देते. अंगठ्याशिवाय पेन धरता येतं का ते ब