समुद्राकडून काढलेली पावलं

२५ नोव्हेंबर, गुरुवार
आज आणलं: मोहरीचं तेल पावशेर, १८ रुपये. केळी सहा, १० रुपये. नवा तांदूळ घरचाच.

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार; आमच्या ओडिशात महिना पौर्णिमेनंतर लागतो. पहाटे तांदूळ वाटून लक्ष्मीची पावलं काढली. दरवर्षी देवळाच्या वाटेवरून आत आणते. यंदा ती वाटच नाही — श्रावणात समुद्रानं नेली, देवळासकट. मी पिठाची वाटी धरून उभीच. सासूबाई म्हणाल्या, “समुद्राचीच लेक ती. माहेराहून येऊ दे.” मग मागच्या दारानं, वाळूवरून काढली. उजाडताना ओली पावलं अशी दिसली, की कुणी नुकतंच न्हाऊन आत गेलंय!

२६ नोव्हेंबर
शेजारच्या कुंतळाअपांनी, थोरल्या बहिणीसारख्या त्या, बघितलंच. “समुद्राला घराची वाट दाखवलीस गं. आता पाहुणा जेवायलाच येईल.” दोघी हसलो.

३० नोव्हेंबर
दुपारी डोळा लागला. गाव पाण्याखाली, पण सगळं जिथल्या तिथं. तुळस संथ डोलतेय. देवळातली घंटा वाजते, आवाज मात्र बुडबुड्यांचा. मला भीती वाटली नाही. जागी झाल्यावर वाटली.

६ डिसेंबर
काल अमावास्या. भरती मागच्या अंगणात आली. दोन माड आडवे. पावलं जिथवर काढली होती, बरोबर तिथवर वाळू ओली. अपांनी आज पाहुण्याची थट्टा केली नाही, तेच लागलं.

माझ्यामुळं? देवीची क्षमा मागितली. पण मॅट्रिकपर्यंत भूगोल शिकले आहे. पृथ्वी तापते, बर्फ वितळतं, पाणी चढतं. आता तर शाळेतली पोरंही हे वाचतात. सरकारनं नको वाचायला? दगडी बांध मंजूर, घरांसाठी उंचावर जमीनही मंजूर — चार वर्षं झाली. हे आणि गावातले पुरुष कचेरीत जातात, साहेब बैठकीत असतात.

९ डिसेंबर, गुरुवार
आम्ही अकरा बायका अंधारात निघालो. झाडलोटीला कचेरी उघडली, तशी फाटकापासून पायऱ्यांवरून साहेबांच्या खुर्चीपर्यंत पावलं काढली. साहेब आले, एक पाय उचलला आणि तसाच मागे घेतला. तेही इथलेच, आजच्या दिवशी लक्ष्मीच्या पावलांवर पाय कसा देतील?

अपा म्हणाल्या, “वाळेपर्यंत उभे राहा, साहेब. तेवढंच ऐका.”

चपला हातात घेऊन उभे राहिले. ऐकलं. मग हळूच, आईला हाक मारावी तसं म्हणाले, “मा, समुद्र माझ्या हातात नाही.”

“बांध आहे,” मी म्हटलं. माझाच आवाज, ओळखू आला नाही.

अर्ज मागितला, स्वतः भुवनेश्वरला नेतो म्हणाले. तिथंच मांडीवर लिहिला. परतताना धुकं होतं. वाटभर वाटलं, आमच्या पुढं कुणी चालतंय.

१६ डिसेंबर, गुरुवार
उत्तर नाही. शेवटचा गुरुवार. पावलं समुद्राकडून नाही, पुढच्या दारानं काढली. सासूबाईंनी तांदळानं भरलेलं माप, आमची लक्ष्मी तीच, देव्हाऱ्यात मांडलं.

२२ डिसेंबर
काल पौर्णिमा होती. शाळेच्या व्हरांड्यात बसून लिहिते. सगळी माणसं आहेत. सासूबाईंच्या मांडीवर लक्ष्मीचं तांदळाचं माप — तेवढंच घेऊन निघाल्या. घर नाही. पुढचं दारही नाही.

साहेबांना दुसरा अर्ज लिहिला. पत्त्याशी हात थांबला. मग लिहिलं: मुक्काम, शाळेचा व्हरांडा. पुढच्या मार्गशीर्षात पावलं कुठल्या दारात काढायची, एवढं तरी उलट टपाली कळवावं.