पांढरा दोरा

४ मार्च
आले एकदाची! नर्स म्हणून बरीच घरं पाहिली, पण इतकं प्रसन्न घर नाही पाहिलं. माझ्या खोलीत भरपूर ऊन, स्वयंपाकीणबाई बोलकी, जेवण झकास. पाची बोटं तुपात! माझ्या पेशंटला सगळे बाईसाहेब म्हणतात. हृदय थकलंय, जीभ मात्र तल्लख. सध्या मृत्युपत्र करायचं चाललंय. आपल्यामागे मुलांनी वाटीचमच्यावरून डोकी फोडू नयेत म्हणून त्या प्रत्येक वस्तूला दोरा बांधतात. लाल थोरल्याचा, निळा लेकीचा, पिवळा धाकट्याचा. आज मी एकेक वस्तू आणून देत होते आणि त्या गाठी मारत होत्या. मजा आली.

६ मार्च
काही ठिकाणी पांढरा दोरा आहे. त्यांचा चष्मा, काचेचा पेला, लाडकी मांजरी. हा कुणाचा, विचारलं. म्हणाल्या, माझा, बरोबर न्यायचं सामान. मी म्हटलं, वर जाताना कुणी काही बांधून नेत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ज्यांना नीट गाठ मारता येत नाही ते नेत नाहीत. म्हातारपणाचे चाळे, दुसरं काय!

९ मार्च
मृत्युपत्रावर सह्या झाल्या. साक्षीदार डॉक्टर आणि मी. साक्षीदाराला त्यातलं काही मिळत नाही हं, असं वकिलांनी हसत बजावलं. मला काय मिळायचं होतं, कपाळ?

संध्याकाळी बाईसाहेबांची नाडी लागेना. मग परत आली. पण तेवढ्यात पेला आपोआप तडकला, चष्म्याच्या काचा फुटल्या आणि मांजरी टोपलीत ताठ झालेली सापडली. स्वयंपाकीणबाई पुटपुटली की सामान पुढे गेलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

१० मार्च
दुपारी खुर्चीत डुलकी लागली. उठले तर माझ्या मनगटाला पांढरा दोरा. कात्री चालत नाही. सुरीही नाही.

तणतणत गेले. साक्षीदाराला काही मिळत नाही, वकिलांनीच सांगितलंय म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, साक्षीदाराला काही देता येत नाही; साक्षीदाराला नेता येत नाही, असं कुठे लिहिलंय? तिकडे मला औषधं कोण देणार?

दातांनीही तोडून पाहिला. तुटत नाही.

११ मार्च
वकिलांना फोन केला. जिवंत आणि शुद्धीवर असेपर्यंत त्या काहीही बदलू शकतात म्हणाले. बाईसाहेबांचे पाय धरले. रडले. मला जगायचंय, आई वाट बघतेय माझी. शेवटी म्हणाल्या, उद्या वकिलांसमोर सोडते गाठ. तोवर त्यांना जगवायचं. त्यांची नाडी मंदावली की माझे हातपाय गार पडतात —

१२ मार्च, सकाळ
त्यांची वाचा गेली. हातही उचलवत नाही. डोळे मात्र हसतायत.

लाल दोरा घेऊन माझ्या मनगटाला स्वतःच बांधला. थोरल्याकडे तर थोरल्याकडे — गाठ मारेपर्यंत तोही पांढरा —

नाडी बघतेय. त्यांची. माझी. एकच ठोका —

दुपार
वकील आले. मी हाक मारली, ते वळले नाहीत. स्वयंपाकीणबाई हंबरडा फोडतेय. म्हणजे बाईसाहेब — पण मी आहे ना. लिहितेय ना मी —

वकील तिला सांगतायत, चादरी दोन आण. दोन कशाला? पलंगाशेजारी जमिनीवर कोण —