ताई आहे तोवर

२६ सप्टेंबर

घरी आले एकदाची! जिना चढताना एक हात कठड्याला, एक पोटाला — जणू कुणी पोट पळवून नेणार आहे. हे मागून "सावकाश, सावकाश" करत होते. ताई आधीच वर पोचलेली. पलंगावर धुतलेली चादर, उशाशी पाण्याची बाटली, हाताशी घंटी. शिवणक्लासला कुलूप लावून, शिलाई मशीन टॅक्सीत घालून माझ्याकडे राहायला आली आहे. आई गेली, भाऊजी गेले. आता ती मला आणि मी तिला.

बीजांडकोशाचा कॅन्सर. दोन्ही काढले, गर्भाशय काढलं, आतड्याचा चिकटलेला तुकडाही काढला. आणि पोटावर डावीकडे आतड्याचं तोंड बाहेर आणून ठेवलंय. लाल, ओलं, आपल्या मनाने हलणारं. त्यावर पिशवी. जे मागून जायचं ते आता पुढून, तेही मला न विचारता! डॉक्टर म्हणाले, "कीमो संपलं की परत आत जोडू." बघू.

२८ सप्टेंबर

पिशवी सुटली. जेवणाच्या टेबलावर! गाऊन, खुर्ची, फरशी — सगळं. हे मदतीला उठले, एकदा बघितलं आणि पांढरेफटक होऊन भिंतीला टेकले. ताई एकीकडे मला पुसतेय, एकीकडे यांच्यावर ओरडतेय, "डोकं गुडघ्यात घाला! गुडघ्यात!" मग तिलाच हसू फुटलं. मी मात्र रडत होते. केवढी घाण, आणि ती सगळी माझी.

"रडतेस काय चिमे? तुझे लंगोट मीच धुतलेत. मध्ये जरा खंड पडला, एवढंच."

त्या लाल तोंडाला तिने नाव ठेवलंय — पाहुणे. आवाज झाला की म्हणते, "पाहुणे बोलले." रागवावं तर हसू येतं, आणि हसलं की टाके दुखतात!

२९ सप्टेंबर

पाणी कोमट होतं म्हणून ताईवर खेकसले. ती गुपचूप पुन्हा तापवायला गेली. शी! काय बाई झालेय मी.

३ ऑक्टोबर

रिपोर्ट आला. कीमो घ्यावंच लागणार. मी ऐकून घेतलं. नवीन काही नव्हतंच.

मग डॉक्टर ताईकडे वळले. "तुम्ही सख्ख्या बहीण ना? हे घराण्यात असू शकतं. तपासून घ्या, उशीर करू नका."

"मला काय धाड भरलीय!" ताई म्हणाली. "आधी हिचं होऊ दे."

टॅक्सीत तिने लगेच विषय बदलला. मी माझं आठवत बसले. माझं कसं सुरू झालं होतं? दुकानात स्टुलावर बसून चष्म्यांचे स्क्रू पिळायची तेव्हा कमरेचं बटण उघडं ठेवावं लागायचं. दोन घास खाल्ले की पोट गच्च. सारखं लघवीला. आणि मी आपली गॅसच्या गोळ्या खातेय! गिऱ्हाइकांना म्हणायची, "डोळे वेळेवर दाखवा हं."

८ ऑक्टोबर

दुकानाचे मालक येऊन गेले. द्राक्षं आणली. "तुमची जागा कुठे जात नाही, निवांत बऱ्या व्हा," म्हणतात न म्हणतात तोच पाहुणे बोलले — चांगले लांबलचक! मालक द्राक्षांकडे बघू लागले. मला भुई फाटून आत घेईल तर बरं, असं झालं. ताईने टाळ्या वाजवून विचारलं, "चहा ठेवू ना सगळ्यांना?"

ती नसती तर मी लोकांना तोंडच दाखवलं नसतं.

११ ऑक्टोबर

दुपारी डोळा लागला होता. मशीनचा आवाज थांबला आणि जाग आली. पाण्यासाठी उठले. ताईच्या खोलीचं दार अर्धवट उघडं. ती पाठमोरी, मांडीवर तिचा निळा कुडता, ब्लेडने कडेची शिवण उसवत होती. बाजूला आणखी दोन कुडते — सैल करून झालेले. मग उभी राहिली, निळा अंगावर चढवला, आरशात बाजूने बघितलं.

हात काड्यांसारखे. गालफडं बसलेली. आणि पोट!

मला कुणी सांगायला नको. हे पोट माझ्या ओळखीचं आहे. आणि जेवताना दोन घासांत ताट सरकवणं, बाथरूमला सारखं जाणं — मी म्हणत होते माझ्या काळजीने, जागरणाने. मीच कसं म्हणत होते!

पाणी न पिताच परत येऊन पडले. तिने विचारलं, "झोप झाली का गं?" म्हटलं, हो.

१२ ऑक्टोबर

काही बोलले नाही.

१४ ऑक्टोबर

पहिलं कीमो. सकाळी ठरवलं होतं, आज सांगायचंच. मग वाटलं — सांगितलं तर आज माझ्याबरोबर कोण येणार? यांना सुई बघवत नाही. मध्येच पिशवी भरली तर? उद्या सांगू.

मोठी खोली, रांगेत खुर्च्या, प्रत्येकीच्या डोक्यावर एकेक बाटली टांगलेली. औषध शिरायला लागलं तसा हात गार पडला. ताईने तो आपल्या दोन्ही तळव्यांत धरला, शेवटपर्यंत सोडला नाही. सिस्टर म्हणाली, "अशी बहीण नशिबाने मिळते हं." मी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर फेरीला आले. ताईला विचारलं, "तपासणीचं काय झालं?"

"हो हो, तिकडे आमच्या डॉक्टरांना दाखवलं. सगळं ठीक आहे."

धडधडीत खोटं! माझ्याकडे आल्यापासून ती कुठे गेलीच नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी — मी मान हलवली.

१७ ऑक्टोबर

उलट्या. हाडं आतून कुणी पिळतंय. ताई तसराळं धरून बसलेली, मधेमधे स्वतःच पलंगाला डोकं टेकत होती. आज बोलायचं त्राणच नव्हतं. काय सोयीचं आजारपण!

२० ऑक्टोबर

जरा बरं. हे पेट्रोल पंपावरची पाळी संपवून आले, माझ्या पायाशी बसले. म्हणाले, "ताई नसत्या तर माझं काही खरं नव्हतं." थोड्या वेळाने, "वाळल्यात गं त्या. तुला नाही वाटत?"

"दगदग होते तिला," मी म्हटलं.

किती पटकन आलं तोंडातून! साधी जीभही अडखळली नाही. मीच स्वतःला सांगतेय — दुसरं कीमो होऊ दे, तोवर अंगात जोर येईल, मग सांगू. म्हणजे मी तिचे दिवस खाऊन जगतेय. लिहून बघितलं. वाचवत नाही.

२४ ऑक्टोबर

पिशवीवाली सिस्टर घरी आली होती. कातडी लाल झालीय, पावडर लावायला सांगितली. मग म्हणाली, "आता ताईंनी नाही, तुम्ही स्वतः करायचं. मी बघते."

मला येतं. ताई करते तेव्हा रोज बघतेच की! पिशवीच्या चिकट चकतीला भोक कापायचं, कडा कोरड्या करायच्या, खालून वर दाबत आणायचं. चष्म्याच्या काचा घासून बसवणारी बाई मी, माझे हात काय एवढ्याला अडतात? पण मी मुद्दाम वाकडी लावली. चिमटा खाली पाडला. "नाही जमत हो मला," म्हटलं, तेही रडक्या आवाजात!

"जमेल हळूहळू," सिस्टर म्हणाली. ताई म्हणाली, "असू दे, मी आहे ना."

तेच ऐकायचं होतं मला.

२९ ऑक्टोबर

केस हातात येऊ लागले. ताईने कापड कापायच्या मोठ्या कात्रीने उरलेले कापले. "डोकं छान गोल आहे गं तुझं, आम्हाला पत्ताच नव्हता!" मी आरशात बघत होते — माझ्याकडे नाही, मागे तिच्याकडे. केस गोळा करायला वाकली आणि तशीच खाली बसली. कुशीला हात. ओठ घट्ट मिटलेले.

"काय झालं?"

"काही नाही. लचक भरली."

मी "जपून गं" म्हटलं. बास, एवढंच!

१ नोव्हेंबर

आज बोलले.

ताई भाजी आणायला गेली होती. पिशवी सुटायला लागली. घंटी वाजवून उपयोग नव्हता, ऐकायला होतं कोण? न्हाणीघरात गेले, काढली, धुतलं, पुसलं, नवी बसवली. कुठे सुरकुती नाही. हात धुतले आणि टोपलीतली जुनी पिशवी कागदात गुंडाळून तळाशी दाबायला लागले, ताईला दिसू नये म्हणून. मी एकटीने केलंय हे तिला कळू नये म्हणून! तेव्हा माझीच मला किळस आली. पिशवीची नाही. त्यातलं काय, माणसाच्या पोटात असतंच.

ताई आली ती धापा टाकत. ओट्यापाशी उभी राहून भाजी निवडायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले.

"ताई, चार तारखेला माझ्या वेळेला तूही डॉक्टरांना दाखव."

"मला काय झालंय?"

"तुझं पोट वाढलंय."

"वयाने सुटतं गं पोट."

"हात वाळतात आणि पोट सुटतं? माझंही असंच सुटलं होतं."

तिने भाजी खाली ठेवली. माझ्याकडे न बघता विचारलं, "कधी लक्षात आलं तुझ्या?"

"आज," मी म्हटलं. "आत्ताच. तू दारातून आलीस तेव्हा."

एवढं बोलायला निघाले, तरी शेवटी खोटंच! ती "बरं" म्हणाली. मग म्हणाली, "पण तुझी पिशवी?"

"मला लावता येते."

तिने मान डोलावली. पुन्हा भाजी हातात घेतली.

४ नोव्हेंबर

माझं दुसरं कीमो आणि ताईची सोनोग्राफी, दोन्ही आजच. माझ्याबरोबर हे बसले. सुई टोचताना भिंतीकडे तोंड, कपाळाला घाम, पण हात सोडला नाही! मी मात्र कान दाराकडे लावून.

ताई आली. "गाठ आहे. पाणीही आहे पोटात. लवकर ऑपरेशन करू म्हणाले." खुर्चीच्या हातावर टेकली, माझी टोपी सरळ केली. "तुझं काय, मळमळतंय का?"

५ नोव्हेंबर

आठ ऑक्टोबरला सांगितलं असतं तर? नाही, तेव्हा दिसलं नव्हतं. अकराला. बाराला तरी. मनात हेच गरगरतंय. हे म्हणतात, "तुझ्यामुळे वेळेवर कळलं त्यांचं." मी काही बोलले नाही. मला चांगलंच जमतं ते.

१० नोव्हेंबर

ताईचं ऑपरेशन. मी आणि हे बाहेर बाकावर. उलटी आली तर हवी म्हणून पिशवी हातात, पोटावर दुसरी. बघणाऱ्यांना वाटलं असेल, आत न्यायचं ते मलाच.

डॉक्टर बाहेर आले, मास्क गळ्यात. "गाठ निघाली. आतड्याला चिकटलेली नव्हती. बाकी रिपोर्ट आल्यावर."

"आधी आणलं असतं तर?" मी विचारलं.

"आणलंत ना आता," म्हणाले आणि गेले. त्यांनी मला दोषातून सोडलं की प्रश्न टाळला? कळलं नाही.

ठरवलंय. ती नीट शुद्धीवर आली की खरं सांगायचं. अकरा तारखेचं, सगळं. मग तिने मला काहीही म्हणू दे.

१२ नोव्हेंबर

आज तिला चमच्याने पाणी द्यायला परवानगी मिळाली. मी पलंगापाशी बसले. म्हटलं, "ताई, एक सांगायचंय. मला आधीच —"

"माहीत आहे," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. "दारात उभी होतीस. आरशात दिसलीस मला."

मी चमचा पुन्हा वाटीत बुडवला.

"रोज वाटायचं, आता बोलशील आणि तपासून घ्यायला मला घरी पाठवून देशील. तू नाही बोललीस." तिने डोळे मिटले. "चिमे, तिकडे रिकाम्या घरात एकटीने कसं ऐकून घेतलं असतं गं मी हे?"

मग तोंड उघडलं, पाण्यासाठी. मी पाजत राहिले.