पाणी थांबवायचं नाही

मी, खाली सही करणारी, पाणीपुरवठा खात्यातली निवृत्त नकाशाकार, विधवा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा घेऊन झाल्यावर, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाने आणून पाहिला, पण तो लागू पडला नाही. डॉक्टरांनी सकाळी येऊन मला तपासलं. माझा उजवा हात कापतो, डोकं शाबूत आहे, असा दाखला त्यांनी सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

कलम १. राहतं घर मी मुलाला हयातीतच बक्षीसपत्राने दिलं आहे. बँकेतली शिल्लक धाकट्या बहिणीला मिळावी. तिने ती जपून ठेवू नये, उडवावी. सबब, या मृत्युपत्राने मुलाला काहीही मिळत नाही. यात राग नाही. कारण पुढे येईल.

कलम २. माझ्या पतीची सुतारकामाची सगळी हत्यारं गल्लीच्या टोकाच्या सुताराला द्यावीत. तशीही ती तो न विचारता नेतच असतो. परत आणून देण्याची अट यापुढे नाही.

कलम ३. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे ‘पाणी आलं’ हा खेळ. पडद्यावर नळाचे तुकडे अस्ताव्यस्त पडलेले असतात. ते फिरवून टाकीपासून घरापर्यंत जोडायचे. थोड्याच वेळात टाकीतून पाणी सुटतं आणि वाटेत फट राहिली तर खेळ संपतो. एवढंच. खात्यात असताना माझ्या एका नकाशावरून पाणी सोडणाऱ्या माणसाशी वाद झाला, तेव्हा तो म्हणाला होता, “बाई, तुम्ही सावकाश काढा हो नकाशा. पण मी एकदा व्हॉल्व्ह फिरवला की पाणी काय तुमच्यासाठी थांबायचं नाही.” मला राग आला आणि रागारागात मी हा खेळ रचला.

पतीने त्यासाठी लाकडी कपाट केलं, त्यात पडदा बसवला, नाणं टाकायला खाच ठेवली आणि ते बसस्थानकावर उभं केलं. लोकांच्या बसा चुकू लागल्या तेव्हा आम्हाला कळलं की खेळ जमला आहे.

पुढे टीव्हीला जोडायच्या कॅसेटवर तो आला. ते काम दिरांनी मिळवलं, हे मान्य. पण खोक्यावर ‘रचनाकार’ म्हणून त्यांनी स्वतःचं नाव घातलं. माझं नाव छापायला जागा उरली नाही म्हणाले. पळणारा घोडा मात्र मावला. खेळात घोडा नाही. ते रिकामं खोकं मी जपून ठेवलं आहे, ते दिरांना द्यावं. घोड्यासकट.

मग घरगुती कॉम्प्युटर आले आणि पंचाईत झाली. नवं यंत्र इतकं वेगवान की डोळ्याचं पातं लवायच्या आत पाणी टाकीतून घरात. तेव्हा आम्ही जुनं कपाट आणि नवं यंत्र शेजारी शेजारी ठेवलं आणि दोन्हीकडे एकदमच पाणी सोडलं. पती कपाटाकडे बघत, मी कॉम्प्युटरकडे. पाणी घरात पोचलं की ज्याने त्याने “आलं” म्हणायचं. दोघांचं “आलं” एका तोंडून निघाल्यासारखं होईपर्यंत मी प्रोग्रॅम दुरुस्त करत राहायची. घरात याला ‘जोडीने पाणी सोडणं’ म्हणत. त्याशिवाय आमच्याकडून खेळ बाहेर पडला नाही.

खिशातल्या हिरव्या पडद्याच्या खेळण्यावर रंगच नव्हते, तर पाणी ठिपक्यांनी दाखवलं. बटणांच्या मोबाइलवर नळ पाचाच्या बटणाने फिरायचा. बोटाने चालणारे फोन आले तेव्हा बोटाखाली नळच दिसेना, म्हणून फिरवलेला तुकडा बोटाच्या वर दाखवावा लागला. रूप, रंग, आवाज सगळं बदललं. पाण्याचा वेग बदलला नाही.

कलम ४. माझा मुलगा फोनवरच्या खेळांची कंपनी चालवतो. चांगला मुलगा आहे, मेहनती आहे. त्याला माझ्या खेळात एक बटण हवं आहे. दाबलं की जाहिरात दिसणार आणि ती संपेपर्यंत पाणी थांबणार. म्हणजे नळ निवांत जोडून घ्या.

“आई, हरले की लोक खेळ काढून टाकतात.”

“टाकू देत.”

“बरं, लोकांचं सोड. तुझा हात बघ. खेळाच्या दुसऱ्या टप्प्यापुढे तुला जाता येत नाही. निदान तुझ्यासाठी तरी थांबवू दे ना मला ते पाणी.”

हे तो मायेनेच बोलला, आणि तो गेल्यावर मी रडले, हेही नोंदवून ठेवते. त्याचं म्हणणं खरं आहे. मी रोज हरते. तरीही नाही.

कलम ५. ‘पाणी आलं’चे सर्व हक्क, प्रोग्रॅम आणि लाकडी कपाट मी माझ्या पुतणीला देत आहे. ती दिरांचीच मुलगी. बापाचा राग लेकीवर काढण्याइतकी मी कोत्या मनाची नाही. तिचं फोनदुरुस्तीचं दुकान आहे. नव्या फोनसाठी खेळ तयार केल्यावर ती आपण होऊन माझ्याकडे आली आणि फोन कपाटाशेजारी ठेवून जोडीने पाणी सोडलं. कपाटाचं “आलं” मी म्हटलं. तिचं किंचित मागून आलं. मी दमले होते, म्हटलं, चालेल गं, कोणाला कळतंय. ती म्हणाली, “काकू, मागे राहिलं. परत सोडा.” संध्याकाळपर्यंत तिने मला उठू दिलं नाही.

तिने खेळ विकावा, फुकट वाटावा, रूप हवं तसं बदलावं. पाणी थांबवू नये. पोट भरत नसेल तर खेळ बंद करावा. बंद पडलेला मला चालेल.

कलम ६. माझी सही वेडीवाकडी आहे. उद्या कोणी म्हणेल, म्हातारीच्या हातात पेन देऊन गिरवून घेतली. म्हणून दुसरा साक्षीदार मी मुद्दाम असा निवडला आहे, ज्याला यातून काही मिळत नाही आणि ज्याला हे मोडावंसं वाटतं. त्याने नकार दिल्यास मी दुसरा कोणी शोधणार नाही. कागद असाच राहील.

ठिकाण: माझं स्वयंपाकघर.
तारीख: डॉक्टरांच्या दाखल्यावरचीच.
सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: डॉक्टर. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: मुलगा. सही माझ्यासमोर झाली. मजकूर मला पटलेला नाही. पाणी थांबवायला हवं होतं, असंच मला अजून वाटतं. परंतु आई पूर्ण शुद्धीत आहे आणि तिला काय हवं ते तिला नेमकं कळतं, हे मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगेन. सही करताना मी तिचा हात धरलेला नाही. तिने धरू दिला नाही.