एकोणिसावा कागद

वरुणअण्णा,
तू थोरला, म्हणून आधी नमस्कार.

पापनाशमच्या घरातले मोडी कागद तू संग्रहालयाच्या ग्रंथालयाला दान केलेस आणि दात्यांच्या फलकावर चढलास. यादी करायला त्यांनी मला बोलावलं. हो, दहावी नापास मलाच. "पोडा, जा रे, त्या मोडीच्या मुंग्या वाचून काय होणार?" असं तूच म्हणायचास.

सतरा कागद पूर्वजांचे आहेत. अठरावं आईचं पत्र, शेवटच्या आठवड्यात तिनं तुझ्या हातात दिलेलं. तिला दुसरी लिपी येत नव्हती. "अण्णाला वाचून दाखव रे," असं तिनं मला सांगितलं होतं. मी म्हटलं, "त्याला विचारू दे की." तू विचारलं नाहीस. घडीसुद्धा न मोडता पूर्वजांबरोबर रुमालात बांधून दिलंस.

तेवीस ओळी आहेत. तिनं एकच गोष्ट मागितली होती, आणि ती तू सहज दिली असतीस.

पाहायचं असेल तर ग्रंथालयात अर्ज भर, पेन बाहेर ठेव, तिथला नियम आहे. मोडी वाचणारा मंगळवारी येतो; तो मीच. तुला तो वाचून दाखवणार नाही.

हेही मोडीतच लिहिलंय. टपालात न टाकता त्याच रुमालात ठेवतोय. यादीत नोंद केली आहे: कागद एकोणिसावा, दाता:

तुझा धाकटा,
तुळजाजी